पोटात घातलेलं

मोर्न-रूझच्या वरच्या अंगाला,
ढग जिथे कुंपणावर वाळत घातल्यासारखे लोंबतात,
तिथे अनिसेचं पाव हेक्टर.
मी गिरमिट आणि पिशव्या घेऊन उतरते.
तिसरं वर्ष. कुत्राही आता भुंकत नाही.

अनिसे गुडघ्यावर बसतो, सुरी मातीत खुपसतो,
दाशीनचा गड्डा मुळांसकट वर येतो.
अळवाच्या त्या रुंद पानावरून पाणी घरंगळतं,
मागे एक थेंब राहत नाही.
बघ, मी म्हणते, त्या विषाचंही असंच.
पाण्याचं तोंड पाहत नाही ते.

त्याला मी काय सांगणार विषाचं!
एकोणिसाव्या वर्षी, केळीच्या मळ्यात,
डाव्या हातात बादली, उजव्यात चमचा,
दर बुंध्याशी थोडी पांढरी पूड.
चमचा हरवला की नुसती मूठ.
मोजे मागितले तर मुकादम हसला होता.
दुपारी त्याच हातानं पाव मोडायचा.
"वास असता तर भ्यालो असतो," तो म्हणतो,
आणि सुरी पँटला पुसतो.

क्लोरडेकोन.
दहा क्लोरीन जडवलेला एक पिंजरा,
आत कुणी कैद नाही
तरी मोडत नाही,
उन्हानं नाही, जंतूंनी नाही,
सरकारी परिपत्रकानं तर नाहीच.

मातीनं अपराध पोटात घातला,
असं एकदा माझ्या तोंडून गेलं.
अनिसे थुंकला.
"पोटात घालणं वेगळं, बाई. पचवणं वेगळं."

म्हणून हा उकिरडा, त्याच्या घरापेक्षा उंच.
रमच्या भट्टीतली उसाची चिपाडं,
विलायती फणसाची पानं, कोंबड्यांची घाण,
नगरपालिकेनं छाटलेल्या फांद्या,
शेजारणीनं शिव्या देत आणून टाकलेला कॉफीचा चोथा.
सकाळी वाफ निघते त्यातून.
कुजकं बोलणं, कुजका माणूस:
किती वाईट वापरतो आपण हा शब्द.
इथे कुजता कुजता चिपाडांना हात फुटतात,
काळे, तेलकट, बोटं नसलेले,
पाण्यापासून पळणाऱ्या त्या पिंजऱ्याला म्हणतात,
ये, इथे घडीत बस.
आणि तो बसतो.
मुळं शेजारून जातात, पाणी पितात,
त्याला उठवत नाहीत.
फारसं उठवत नाहीत, एवढंच मी लिहून देऊ शकते.

पहिल्या वर्षी दाशीन नापास.
दुसऱ्या वर्षी काठावर.
या वर्षीचा कागद अनिसे दारातच उघडतो,
चष्मा नाही म्हणून हात लांब धरून.
पास.
मग बोट खाली सरकतं, मातीच्या ओळीवर.
"हा आकडा तर तोच आहे."
तोच.
"म्हणजे गेलं नाही."
नाही. धरलंय.
"किती दिवस?"
तू भरवशील तोवर.
कर्ब जळत राहतो, अनिसे, हळूहळू,
माती उपाशी पडली की मूठ सैल होते.

तो एकाहत्तर वर्षांचा आहे.
मिर्ता, त्याची मुलगी, तुलूझमध्ये ट्राम चालवते,
तिच्या बाल्कनीत पुदिन्याची एक कुंडी आहे,
फोनवर दाखवली होती तिनं.
हे तो बोलत नाही.
दाताळं उचलतो आणि उकिरडा खालीवर करतो,
कालच केलेला.

मी नमुने बांधते, तारीख टाकते,
खोली: शून्य ते तीस सेंटिमीटर.
गाडीकडे निघते तेव्हा
तो दाताळं टाकून मागून येतो,
पायरीवर बस म्हणतो.
माझा बूट मांडीवर घेतो,
आणि पेरूच्या काडीनं तळव्यातला चिखल,
खाचेखाचेतला,
खरवडून काढतो ओंजळीत.
दुसऱ्याही बुटाचा.
मी म्हणते, अहो, चिमूटभर तर आहे.
मूठ मिटून तो शेताकडे वळलेला असतो.
"इथली आहे. इथेच राहू दे."